नळीवरचा हात

तेहतीस वर्षं मी समुद्राच्या तळाशी
पिवळ्या नळीतून श्वास घेतला.
वर होडीत कॉम्प्रेसर धडधडायचा
आणि नळीवर तुझा हात असायचा, ओतिलिया.
एक हिसका : ठीक आहे.
दोन : पुरे, निघतो.
तीन : ओढ, माझ्याच्यानं येववत नाही.
तीन कधी दिले नाहीत मी.

आता तुझ्या बरगडीखालून नळी निघते,
करंगळीहून बारीक,
काळ्या दोऱ्याच्या एका टाक्यावर तिची सगळी भिस्त.
आत म्हणे ती दोन हात पसरून बसलीय,
एक यकृताकडे, एक आतड्याकडे.
कास्त्रोच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवली.
तरणी पोर, इसिडोरा नाव, नखं कुरतडलेली.
पिशवी कायम खाली ठेवा, म्हणाली,
पीळ पडू देऊ नका, रोज मोजा, लिहा.
मी म्हटलं, बाई, पीळ पडलेल्या नळीचं मला सांगू नका.
माझा भाऊ एर्नान त्यानंच गेला,
बारा वाव पाण्यात.
तिनं पेन खाली ठेवलं.
पुढचं सगळं हळू सांगितलं.

वही तीच, शिंपल्यांच्या हिशेबाची.
डाव्या पानावर मार्चातल्या टोपल्या,
उजव्या पानावर तू :
सोमवार. चारशे दहा मिलिलीटर. ओल्या शेवाळाचा रंग.
मंगळवार. तीनशे ऐंशी. सोनेरीकडे.
बुधवार. लाँचनं घरी. लाटांत थोडं सांडलं, अंदाजे तीनशे.
गुरुवार. तीनशे पाच. चिडली.

बेटावर सगळे म्हणतात, राग गिळून गिळून खडे होतात.
शेजारची ब्राउलिया तर बरणी उजेडात धरून
कुठला खडा कोणाचा ते नावानिशी सांगते :
हा सॅल्मन कंपनीचा, हा फोन न करणाऱ्या धाकट्याचा,
हा खरबरीत, तो सासूचा.
तेवीस आहेत. माझे किती, ते तिनं सांगितलं नाही.
रात्री मी एकट्यानं बरणी हलवून पाहिली.
मी समजत होतो, पित्त खवळलं की तू ताटल्या आपटतेस,
म्हणजे निघून जातंय.

चुलीत ओलं लाकूड फुसफुसत होतं.
मी खुर्चीत, माझी बाही तुझ्या मुठीत.
शनिवारी पहाटे
तीन हिसके.

कंदील. गोधडी. नळी तुझ्याच कुशीखाली दुमडलेली,
पिशवी कोरडी, पोट दगडासारखं.
तुला कुशीवरून उचललं, नळी मोकळी केली
आणि थांबलो.
असंच थांबत असशील ना तू होडीत,
पाण्यावर बुडबुडे दिसेपर्यंत?
मला वाटायचं, वरचं काम सोपं.

एक हिरवा थेंब आला.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.

पुढे चिमटा लावून नळी बंद ठेवायला सांगितली.
डोळे पिवळे होतात का बघा, लघवी चहासारखी होते का,
शौच पांढऱ्या मातीसारखी होते का.
चाळीस वर्षांच्या संसारात
जे आपण एकमेकांना कधी विचारलं नव्हतं
ते मी संडासाच्या दाराबाहेर उभा राहून ओरडून विचारलं,
आणि तू आतून ओरडून सांगितलंस :
तपकिरी, मूर्खा!
कोंबड्या दचकल्या.

मग एक्स-रे. रंग सरळ खाली उतरला, कुठे अडला नाही.
नर्सनं एका दमात ओढली.
एवढंच? म्हणालीस.
ताटलीत ती पडली होती, ओली, टोकाला दोन आखूड हात.
मी मागितली.
नियमात बसत नाही, म्हणाली.

परतीच्या लाँचवर तू डुकराच्या चरबीत तळलेले बटाटे मागितलेस,
आज, आत्ता, घरी पोचल्या पोचल्या.
मी नाही म्हटलं.
सगळी लाँच वळून बघायला लागली.
मी खिशातून वही काढली, गुडघ्यावर ठेवली :

मंगळवार. शून्य मिलिलीटर.
चिडली.