नमुना चौदा

तहसील कचेरीतला माणूस विचारतो, दाखल्यासाठी का?
हल्ली सगळे त्याचसाठी येतात.
मी म्हणते, नाही, पणजीसाठी.
तो चष्म्यावरून बघतो, गाव विचारतो,
लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं पुढ्यात ठेवतो
आणि चहाला जातो.

गाव नमुना चौदा. सन एकोणीसशे अठरा.
कोतवालाने सांगितलं, तलाठ्याने मोडीत उतरवलं.
माझी मोडी अडखळती, ओळीला दोनदा ठेच.
पण ऑक्टोबरात आल्यावर ठेचाच लागत नाहीत,
रोगाच्या रकान्यात एकच शब्द,
ताप, ताप, ताप,
पुढे पुढे तर तलाठी नुसत्या दोन रेघा ओढतो.
वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.

मानमोडीचं साल.
आमच्या घरात एवढंच सांगत,
पियेदाद मानमोडीत गेली.
वाक्य पिढ्यांनी वापरून गुळगुळीत झालेलं,
न टाकवलेल्या पाट्यासारखं.
त्यावर काही वाटलं जात नव्हतं.

पियेदाद कोम इनास पिंटो. वय सव्वीस.
विहिरीत पडून.

खालच्या ओळीपासून पुन्हा ताप.

इगर्जीतलं पुस्तक मंगळवारी मिळतं, मिसा आटोपल्यावर.
फादर म्हणतात, सांभाळून,
मधली वर्षं कसरीने खाल्लीत.
पोर्तुगीज मला येत नाही,
लागतील तेवढे चार शब्द वहीत उतरवून नेलेले.
विहिरीला पोसो.

अकरा ऑक्टोबर, लुईस, वय चार. फेब्र.
चौदा ऑक्टोबर, आंजेलिन, वय दीड. फेब्र.
यांची नावं आमच्या घरात कोणी कधी घेतली नाहीत.
एकोणीस ऑक्टोबर, पियेदाद.

फेब्र.

बोट ठेवून पुन्हा वाचते.
पोसो नाही. ताप आहे, स्वच्छ, वळणदार,
शाई जराही फुटलेली नाही.
पुढे जागा लिहिलीय. सिमितेरीत, तिसरी रांग,
मुलांच्या लगत.

जीव दिलेल्यांना तेव्हा कुसाबाहेर पुरत,
निवडुंगाच्या अंगाला, घंटेशिवाय.

गावाला ठाऊक असणारच.
ज्यांनी गळ टाकला त्यांना,
ज्या बायकांनी तिचे केस पिळून वेणी घातली त्यांना,
आणि पेटी उचलताना
ज्यांच्या खांद्यावर पाणी ठिबकलं असेल त्यांना.
पाद्र्यालाही.
त्याने टाक बुडवला
आणि त्या महिन्याच्या सत्तावीस खऱ्या तापांत
एक खोटा सरकवून दिला.

कोतवालही तसा खरं बोलला नाही पुरतं.
पडून म्हणाला.
उडी हा शब्द त्यालाही येत असणार.

विहीर आहे अजून. वर लोखंडी जाळी, आत पंप.
तिच्याच पाण्यात आमची पेज शिजली,
माझ्या लग्नात त्याच पाण्याचं सरबत.
गोड पाणी आहे. समुद्र इतका जवळ असून
कधी मचूळ झालं नाही,
याचं आम्ही पाहुण्यांना कौतुक सांगायचो.

पुतण्या शारजात बसून वंशावळ करतोय.
प्रत्येक नावाखाली तीन चौकटी,
जन्म, मृत्यू, कारण.
रोज रात्री विचारतो, गावला काय गो?
मी म्हणते, थांब बाबा, अक्षर लागना नाय.

जाता जाता पान उलटते.
तीस ऑक्टोबर.
अक्षर दुसऱ्याचं, घाईचं, उजवीकडे कललेलं.
पाद्री जुझे कायतान मेनेझिस, वय एकेचाळीस.
फेब्र.

घरोघर फिरत होता तो, तोंडाला फडकं बांधून असेल नसेल.
हा ताप खरा, असं मी धरून चालते.
ताळा करायला नमुना चौदा पुन्हा मागता येईल.
मागणार नाही.