तिसरा कॉलम, खालून दुसरी

जाहीर नोटीस आली आज. पान सात,
तिसरा कॉलम, खालून दुसरी,
वर बोअरवेलची जाहिरात, खाली कुणाची हरवलेली गुणपत्रिका.
मी आधी शुद्धलेखन तपासलं.
बत्तीस वर्षांची खोड, जात नाही.

लोटन उखर्डू बडगुजर, वय अठ्ठावन्न,
धंदा छपाई, राहणार अमळनेर.
'लोटन'मधल्या न चा त्यांनी ण केला आहे.
म्हणजे दिवाळं निघालं ते, तसं पाहिलं तर,
दुसऱ्याच कुणाचं.

असं प्रूफ बोरी ऑफसेटच्या उंबऱ्याबाहेर
मी पडू दिलं नसतं.
अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी माझ्या शाईतून गेल्या,
कोपऱ्यात पोराटोरांची नावं,
'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!'
मग पत्रिका मोबाइलवर फिरायला लागल्या.
मशीन नवं होतं, हप्ता त्याहून नवा.
हप्त्यासाठी पतसंस्था, पतसंस्थेसाठी भिशी,
भिशीसाठी शालकाची एफडी.
एक खड्डा बुजवायला दुसरा खणायचा,
माती काही पुरत नव्हती.

चित्ते वकील म्हणाले, मरायची भाषा सोडा,
यासाठी कायदा आहे. जुना आहे, इंग्रजांचा, पण चालतो.
यादी करा. धनको डावीकडे, रकमा उजवीकडे.
यादी मी बारा पॉइंटात लावली, अकारविल्हे,
एककाखाली एकक, दशकाखाली दशक.
इतकं देखणं पान कित्येक वर्षांत लावलं नव्हतं.
कोर्टातला कारकून म्हणाला, कुठून छापून आणली?

जळगावला अकरा फेऱ्या झाल्या, पॅसेंजरने.
धरणगाव आलं की मी चपला शोधायला वाकायचो,
तिथे व्याही राहतात.
कोर्टाबाहेर निंबाखाली यमुना डबा उघडायची,
कळण्याची भाकर, मिरचीचा खुडा.
"खाई ल्या. भूक काई नादार व्हत नही."

रिसीव्हर आला तो मे महिन्यात,
डोक्याला ओला रुमाल.
ऑफसेट लिहिलं, कटिंग मशीन लिहिलं, पंखासुद्धा.
माळ्यावर दोन केस निघाल्या, बापाच्या वेळच्या.
हे काय?
खिळे.
भिंतीतले?
शिशाचे, साहेब. अक्षरं आहेत.
त्याने एक उचललं, उलटा क्ष,
बोट काळं झालं.
कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत, म्हणाला,
आणि पॅंटला बोट पुसलं.

एक गोष्ट नोटिशीत नाही.
एकोणीस धनको लिहिले, विसावा गाळला.
हिलाल पिंजारी, माझा कंपोझिटर.
सात महिने पगार मागितला नाही, वर
मुलीच्या शिलाई मशीनसाठी साठवलेले
साडेनऊ हजार आणून दिले, रुमालात.
वकील म्हणाले होते, सगळे लिहा, सगळ्यांपासून सुटाल.
तेच नको होतं.
शपथेवर खोटं बोललो,
एक देणं तरी जिवंत राहावं म्हणून.
दर शनिवारी शंभर रुपये घेऊन जातो.
तो घेत नाही, मी उठत नाही, चहा दोनदा होतो,
मग त्याची बायको हात पुढे करते.

संध्याकाळी पेपर पुन्हा काढला.
ओळीत मावला नसावा, शब्द मोडला आहे:
वरच्या ओळीच्या टोकाला 'ना', बारीक रेघ,
खालच्या ओळीत पहिलंच, एकटं,
'दार'.
मी असा मोडला नसता.
पण ज्याने मोडला
त्याला चूक म्हणवत नाही.

तेवढ्यात कडी वाजली.
गेली चार वर्षं कडी वाजली की मी मोरीत जायचो,
यमुना सांगायची, ते गावाला गेलेत.
आज मीच उठलो.
दूधवाला होता.
सहाशे चाळीस झाले, म्हणाला.
म्हटलं, ये, बस. देतो.