मैलकुली रस्ता सांगतो

नकाशा घडी करून ठेव, पोरा.
त्यात हा रस्ता सुतासारखा दिसतो,
आणि सुताला कधी धाप लागत नाही.

मोंतेझिन्योच्या या डोंगरात
बाराव्या दगडापासून तिसाव्या दगडापर्यंत
एकतीस वर्षं मी मैलकुली होतो.
फावडं, घमेलं, डांबराचा डबा
आणि एक चिडकं गाढव,
त्याला सगळे मंत्री म्हणायचे.

पहिला चढ सोपा वाटेल. वाटू दे.
उजव्या हाताला कबुतरांचा गोल मनोरा लागेल.
कबुतरं कधीच गेली,
चुना मात्र अजून दर ईस्टरला लागतो,
का, ते मला विचारू नकोस.
तिथून चेस्टनटची सावली सुरू.
ऑक्टोबर आहे, काटेरी बोंडं रस्ताभर पडली असतील,
ट्यूबचा जीव घेतात ती.
सरळ मधून चालव, समोरून कोण येणार?
मंगळवारी नि शुक्रवारी पाववाला येतो भोंगा वाजवत.
बाकीचे दिवस
रस्ता तुझ्या बापाचा.

अठराव्या दगडाशी वळण आहे,
उत्तरेकडे तोंड करून बसलेलं.
दुपारपर्यंत तिथलं दंव हलत नाही.
ब्रेकला हात लावू नकोस.
खाली मोरी आहे, माझ्या हातची,
तीन पुरांना पुरून उरलेली.
ओल्या सिमेंटमध्ये बोटानं लिहिलेली
दोन नावं आहेत तिच्यावर.
बघायचीच असतील तर सायकलवरून उतर.

तू म्हणालास, शांत रस्ता हवा.
हा शांत आहे खरा.
मी कामाला लागलो तेव्हा नव्हता.
कथलाच्या खाणीचे ट्रक,
शाळेत जाणारी बत्तीस पोरं (मी मोजायचो, काम काय दुसरं),
आणि रात्री कॉफीची पोती पाठीवर घेऊन
स्पेनकडे उतरणारे लोक.
ते मला दिसायचे नाहीत.
दिसू नयेत म्हणून महिन्याला अर्धा किलो मिळायची.
मग एकेक जण फ्रान्सला गेला,
ज्याचा त्याचा आवाज त्याच्याबरोबर गेला.
आता तुमच्यासारखे येतात, रंगीत कपड्यांत,
कान देऊन ऐकतात
आणि म्हणतात, वा.

बरं. खिंडीत झरा आहे, पाणी पी.
लोखंडाची चव लागेल, बिघडत नाही.
उतारावर संध्याकाळ झाली
तर झाडीतून हरणांचे नर हंबरतील.
कुणी माणूस अडकलाय असं वाटेल.
मागे फिरू नकोस.

तिसावा दगड.
त्यापुढे माझी हद्द नाही.
तिथं निळ्या दाराच्या घरात झुल्मीरा राहते, सत्त्याऐंशीची,
आणि फाइस्का नावाची कुत्री,
फक्त मागच्या चाकावर भुंकणारी.
झुल्मीरा माझी बहीण.
ओढ्यावरच्या गिरणीची पाळी,
आठवड्याचे पाच तास, तिचे की माझे,
यावरून आम्ही बोलत नाही.
गिरणी कोसळून वीस वर्षं झाली.

हे घे.
कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्या आहेत.
पाववाला म्हणत होता, हल्ली भोंगा वाजवला
तरी ती बाहेर येत नाही,
पिशवी दाराला अडकवून तो निघून जातो.
तुझ्या पाठीच्या खिशात मावतील,
वजन काय, चिमणीएवढंही नाही.
कुणी दिल्या, असं विचारलं
तर सांग, रस्त्यात सापडल्या.
कितव्या दगडाशी, विचारील ती.
विचारीलच, लहानपणापासून तशीच आहे.
अठराव्या, म्हण.

आणि गिअर आत्ताच हलका कर,
चढ लागायच्या आधी.
सगळे उशीर करतात.