रात्रपाळीचं काळीज

तालकाउआनोच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
यास्ना भिंगाखाली काच सरकवते.
काळजाचा तुकडा, खरोखरचा,
मोडक्या शेवईएवढा.
एलिसेओ नावेलपान, वय एक्कावन्न,
मासळीच्या भुकटीचा कारखाना, बावीस वर्षं रात्रपाळी.
दारू : कधीच नाही.
पुढे कुणीतरी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय.

बायकोही दर सकाळी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची.
यायचा तो मासळीचाच.

गुलाबी पेशींत पांढरी गोल भोकं.
तेल होतं तिथं; स्पिरिटनं धुऊन नेलं,
उरल्यात नुसत्या त्याच्या जागा.

आत एक विकर असतं,
नावात आकडा, अंगात चिकाटी.
जनुकांच्या रिळांवरच्या बारीक खुणा
ते एकेक करून खुडतं,
धागा आवळतो, पान मिटतं :
आता पुरे, आणखी चरबी रांधायची नाही.
त्याची म्हणे येण्याची वेळ ठरलेली असते,
घरदार निजल्यावरची.

त्याच वेळी, पहाटे तीनला,
एलिसेओ यंत्राशेजारी उभ्यानं खातो
लोणी फासलेला पाव, वर तीन चमचे साखरेचा चहा.
विकर येतं, बघतं, तर चूल धडधडतेय.
ते कुणाला सांगणार, विझव म्हणून?

असंच झालं असेल का, यास्नाला ठाऊक नाही.
उंदरांत दिसलंय. माणसांत अजून वाद चाललाय.

अहवालात ती लिहिते : मेद, साठ टक्के.
मग रबर घेऊन
ते प्रश्नचिन्ह खोडत बसते.
कागद तिथं जरा फाटतो.