रिकामं वजन

अमरावती रोडला, वाडीच्या पुढे,
गोदामं संपता संपता आमचा धर्मकाटा.
पत्र्याची केबिन, एक खिडकी, एक कूलर
जो गारवा कमी आणि आवाज जास्त फेकतो.
रात्रपाळी माझी.
भरलेली गाडी, रिकामी गाडी,
वजाबाकी, पावती, शंभर रुपये.
अकरा वर्षं ही एकच वजाबाकी.

जानेवारीत फी भरली. पहिला हप्ता भिशीचा,
दुसरा ओव्हरटाइमचा,
तिसऱ्याचं अजून बघायचंय.
विद्यापीठ कुठल्या गावात आहे, माहीत नाही.
माझ्याकडे ते साडेसहा इंचांचं आहे,
काचेला तडा गेलेलं,
आणि तो तडा प्राध्यापक बाईंच्या कपाळावरून
रोज डावीकडून उजवीकडे जातो.
बाई इंग्रजीत बोलतात.
मी त्यांना पाऊण वेगाने ऐकते.
बाकीची पोरं म्हणे दीडपटीने ऐकतात.
माझ्याकडे त्या जड जिभेने बोलतात, पेंगुळल्यासारख्या,
जशी त्यांचीही रात्रपाळीच आहे.

ईश्वर म्हणाला, "हाव, पण हे शिकून तू होशील काय?"
"लॉजिस्टिक्स," मी म्हणाले.
त्यानं तो शब्द चहात बुडवला,
विरघळेपर्यंत बघत राहिला.
धनश्रीनं मात्र पहिली असाइनमेंट चढवून दिली.
"आई, आधी पीडीएफ करावी लागते, किती वेळा सांगू?"
हा सूर माझा होता,
तिच्या चौथीतल्या भागाकाराच्या वेळचा.

सातव्या आठवड्यात रांगेचा धडा आला.
गाड्या किती येतात, एकीला किती वेळ लागतो,
मागची किती थांबते.
आकृतीत एक चौकोन होता, त्याला नाव: सर्व्हर.
मी तो चौकोन बराच वेळ पाहिला.
पत्रा दाखवला नव्हता त्यांनी.

परीक्षा मे महिन्यात, रात्री दहा ते अकरा.
लाहोटी शेठ म्हणाले, सुट्टी कशाला,
त्या वेळी गाड्याच कुठे असतात.
कॅमेऱ्याला खोली फिरवून दाखवायची होती.
दाखवली: स्टूल, माठ, पावतीपुस्तक,
खिळ्याला माझी पिशवी.
आवाज चालत नाही म्हणून कूलर बंद केला.
नागपुरात, मे महिन्यात, कूलर.

तिसरा प्रश्न वाचत होते
आणि खिडकीत एक चेहरा उगवला.
"मॅडम, काटा करून देता काय?"
पडद्यावर लाल अक्षरं: दुसरी व्यक्ती आढळली.
मी ओठांवर बोट ठेवलं.
त्यानं फोन पाहिला, धावतं घड्याळ पाहिलं,
माझ्या हनुवटीवरून टपकणारा घाम पाहिला,
आणि चेहरा खाली गेला.
मग बाहेरून, दबक्या आवाजात:
"बंद कर बे इंजिन. पेपर चालू आहे बाईचा."
एक इंजिन बंद झालं. मग मागचं.
मग त्याच्याही मागचं.
एवढी शांतता या रोडवर मी कधी ऐकली नव्हती,
कुणीतरी तंबाखू मळत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

एका खिडकीवर तासाला नऊ गाड्या येतात,
एका गाडीला पाच मिनिटं लागतात,
तर रांगेत सरासरी थांबणं किती?
पंधरा मिनिटं, मी लिहिलं.

अकरा वाजता दार उघडलं. सहा गाड्या.
पहिली त्याचीच, यवतमाळची, सरकी भरलेली.
"सुटला काय पेपर? कठीण होता?"
"तुमच्यावरच एक प्रश्न होता. पंधरा मिनिटं आलं उत्तर."
त्यानं मोबाइल पाहिला.
"चाळीस झाले जी," म्हणाला, आणि पैसे मोजून दिले.

त्या लाल अक्षरांचं काय होणार, पंधरा दिवसांनी कळेल.

पहाटे काटा मोकळा होता.
मी चपला काढून प्लॅटफॉर्मवर उभी राहिले.
साठ.
जानेवारीतही साठच होते.
दहा-दहाच्या टप्प्याने मोजतो हा,
त्याच्या आतलं त्याला कळत नाही.
केबिनमध्ये परत आले, पदराने मान पुसली,
तेव्हा लक्षात आलं,
कूलर अजून बंदच आहे.