इतर

सकाळी सहाला सर्जेकोटच्या बंदरावर
टॅब्लेट ओढणीखाली धरून मी उभी असते.
खाऱ्या वाऱ्यानं पडदा चिकट होतो,
'बांगडा'वर बोट ठेवावं तर उघडतो 'बोंबील'.

यादी कुणी केली, ठाऊक नाही.
तिच्यात पापलेट आहे, सुरमई आहे,
ट्राऊट आहे, जो या पाण्यात कुणी जन्मात पाहिला नाही.
पेडवे नाहीत. मुडदुशा नाहीत. गुंजली नाही.
म्हणून टोपलीमागून टोपली
मी 'इतर'मध्ये ओतत राहते.
गेल्या महिन्यात आमच्या किनाऱ्यावर
सगळ्यात जास्त गावलेला मासा: इतर.
वरून फोन आला,
"मॅडम, हा इतर परदेशी जातो का?"

आमचं गाव यंत्रात तीन ठिकाणी आहे.
सर्जेकोट. सरजेकोट. आणि मध्ये जागा सोडून सर्जे कोट,
जिथं लोकसंख्या शून्य
आणि होड्या अठ्ठावीस.
बस्त्याव फर्नांडिसची होडी काल दुपारभर
कणकवलीच्या एसटी स्टँडवर जाळं टाकून होती.
नकाशात तसं दिसतंय.
बस्त्यावला दाखवलं, तर म्हणाला,
"थंय गावला काय?"

माणसंही काही कमी नाहीत.
दाजी मोंडकर कधी खरा आकडा सांगत नाही.
"खंय गो, काय नाय गावला,"
आणि मागं त्याच्या टोपलीतून पाणी ठिबकत असतं.
कुठं टाकलं जाळं, हे तो पोटच्या पोरालाही सांगत नाही.
"पंधरा वाव," म्हणतो
आणि हात करतो अख्ख्या समुद्राकडे.
आणि मी?
रेंज नसली की घरी जाऊन
कालचाच आकडा थोडा हलवून भरते.
विषम ठेवते.
विषम आकडा खरा वाटतो.

बाबली टिकम मात्र खोटं बोलत नाही.
दोन वर्षं झाली, ऑक्टोबरच्या वादळात
त्याची होडी तळाशीलला लागली.
तो लागला नाही.
यंत्रात त्याच्यासमोर तीन पर्याय येतात:
सक्रिय, दुरुस्तीत, परगावी.
नाव काढायचं तर त्याच्या फोनवर ओटीपी जातो.
फोन त्याच्या खिशात होता.
तारामती मदतीच्या अर्जासाठी मालवणला गेली की
साहेब पडदा तिच्याकडे वळवतात:
हा बघा बाई, सक्रिय.
नोंद रिकामी चालत नाही,
म्हणून रोज सकाळी मी त्याच्या नावावर शून्य लिहिते.
समुद्राकडे न बघता लिहिते.

गेल्या मंगळवारी ऊन वर आलं होतं,
पडद्यात माझंच तोंड दिसत होतं, बोट घसरलं.
बाबली टिकम, बांगडा, चौदा किलो.
त्या दिवशी सगळ्यांच्या नोंदी गोल गोल फिरत अडकल्या,
बस्त्यावच्या, दाजीच्या, खऱ्या, खोट्या.
ही एकच गेली. हिरवी खूण.
पुसायला गेले तर वरिष्ठांची परवानगी मागते,
आणि वरिष्ठांचा पासवर्ड वरिष्ठ विसरलेत.
महिनाअखेर मेसेज आला:
आपल्या केंद्रातील श्री. बाबली टिकम
यांच्या उत्पन्नात वाढ. अभिनंदन.

तारामतीला सांगायलाच हवं होतं.
ती जाळ्यातले पेडवे सोडवत बसली होती.
सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.
मग मान वर न करता म्हणाली,
"मगे त्या चौदा किलोचे पैशे
कोणाकडे, गो?"

मी पडदा ओढणीनं पुसला. अजून चिकटला.
बॅटरी चार टक्के होती.
निघताना तिनं माझ्या पिशवीत
मूठभर पेडवे टाकले, न मोजता.
ते मी कुठंच लिहिले नाहीत.