वायसर जुनाच

वरुडला घेतला तेव्हा तासांचं मीटर
अठराशे सत्तेचाळीसवर थांबलेलं होतं.
दलाल म्हणाला, एवढाच चालला.
मीटर कधी थांबलं, ते त्याने सांगितलं नाही
आणि भाव तुटेपर्यंत मीही विचारलं नाही.

अठरा हॉर्सपॉवर. संत्र्याच्या दोन ओळींमधून
फांदीला न लागता निघतो, म्हणून घेतला.
आठव्या दिवशी ओळीच्या मधोमध बंद.
जब्बारभाईंना फोन लावला, ते मोर्शीला.
"आवाज ऐकवा," म्हणाले.
मी फोन इंजिनापाशी धरून स्टार्टर मारला.
"डिझेल तळाले गेलतं ना? हवा धरली त्यानं.
पाना हाय?"
हाय, म्हटलं.
"मंग मी कायले येऊ, ताई?"

स्क्रू सैल केला. पंप दाबत राहिले.
आधी फेस, मग बुडबुडे, मग एक हट्टी बुडबुडा,
मग नुसतं डिझेल, मनगटावरून कोपरापर्यंत.

वीस वर्षं शिलाई मशीन चालवली आहे मी.
तेलाची भोकं कुठे असतात हे बोटांना कळतं:
लोखंडावर लोखंड फिरतं
आणि कोणाची नजर जात नाही, तिथे.
ग्रीसची निपलं नऊ सापडली.
दहावं वाळल्या चिखलाखाली, किती वर्षांचं उपाशी.
गन दाबली, तर आधी काळं आलं,
मग गंजाचं पाणी,
खूप वेळाने पिवळं.

जुन्या मालकाला मी पाहिलेलं नाही,
पण भेटतो तो.
बॅटरीच्या तारेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
तीन वेढे, टोक आत दाबलेलं, नेटकं.
एअर फिल्टरच्या क्लिपच्या जागी परकराची नाडी
(घरात कोणी ओरडलं असेल).
बोनेटच्या आत खिळ्याने कोरलेलं:
तेल बदल्लं, पोळा.
तेल बदल्लं, तीळसंक्रांत.
आणि तिसऱ्या ओळीत नुसतं
तेल

पुढे पत्रा कोरा.
मी डोकं लावत नाही.
खिळा बोथट झाला असेल. कोणी जेवायला बोलावलं असेल.

पण ड्रेनच्या नटाचे सहाच्या सहा कोने
गोल करून ठेवले त्याने. चुकीचा पाना आणि घाई.
त्या दिवशी मी त्याला मोठ्याने बोलले:
बापा, एकोणीसचा नव्हता तर मागायचा होता कोणाला!
शेवटी छिन्नी लावून, हातोडीने टिचक्या मारत
निघाला. तेल घमेल्यात पडलं,
डांबरासारखं, कोमट.

नटाखालचा तांब्याचा वायसर चेपून कडक झालेला.
नवा आणायचा तर वरुड, आणि दुकानं आज बंद.
पुन्हा फोन. "चुलीत टाका. लाल झाला का पाण्यात सोडा.
लोखंड असं केलं तर अकडते,
तांबं नरम पडते."

सांडशीत धरून गॅसवर ठेवला.
शेजारच्या बर्नरवर वरण.
आचल दारातून, "आई, बाबा विचारून राहिले,
भाजी काय हाय?"
सांग, म्हटलं, वायसर.

लाल झाला. गडव्यात सोडला, चर्र झालं.
अंगठ्याने दाबून पाहिला
आणि खरंच वाकला जरासा,
जसं काही कोणी त्याच्याशी
पहिल्यांदाच नीट बोललं.

नवा नट, जुना वायसर, तीन लिटर तेल.
रात्री खाली पेपर अंथरला.
सकाळी त्यावर एक थेंब, वाटाण्याएवढा.
एकोणीसचा पाना लावून पाव फेर आवळला.
दुसऱ्या सकाळी पेपर कोरडा होता,
फक्त मांजरीचे काळे पाय बातम्यांवरून गेलेले.

जुनं तेल डबकीत भरलं, फाटकाच्या बिजागऱ्यांना होईल.
मग खिळा शोधला.
त्याच्या तिसऱ्या ओळीत पुढे जागा होती,
ती तशीच राहू दिली.
खाली माझी ओळ, अक्षर वाकडं, पत्रा कडक:

तेल बदल्लं. आचलचा गणिताचा पेपर.
वायसर जुनाच.